गुणक्रम आणि गुणवत्ता



उसाची तोड आटोपली आहे, लग्नसराई चालू आहे आणि ऊन तर असे आहे की सायंकाळी ओसरीवर पाठ टेकावी यापलीकडे माणसाला काही सुचू नये. अशा दिवसांत आपण व्याख्यान ऐकावयास जमलात याचे आम्हांस कौतुक वाटते. चालकांनी आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली होती. आम्ही जो निवडला तो प्रथमदर्शनी आपणांस परका वाटेल. मोठ्या रुग्णालयांतील निवासी डॉक्टर कसे निवडले जातात, कसे निवडले जावेत, आणि निवडलेला डॉक्टर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत कसा निघेल याचे भाकित करता येते काय, असा तो विषय आहे. डाळजच्या लोकांना याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचेच उत्तर प्रथम देतो.

आपले गाव पुणे-सोलापूर रस्त्यावरचे. या रस्त्यावर रात्री अपघात झाला, किंवा एखाद्या घरी बाळंतीण अडली, तर रुग्णास भिगवणला, इंदापूरला किंवा बारामतीला न्यावे लागते. तेथे भागले नाही तर शंभरावर किलोमीटर जाऊन पुण्याच्या ससून रुग्णालयाचा दरवाजा गाठावा लागतो. त्या दरवाजाशी रात्री दोन वाजता आपणांस कोण भेटते? पाटीवर ज्यांचे नाव असते ते प्राध्यापक भेटत नाहीत. भेटतो तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक तरुण किंवा तरुणी, डोळ्यांत झोप, खिशात कागदाच्या चिठ्ठ्या आणि गळ्यात नळी. तोच पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर. रुग्णालयाच्या भाषेत त्याला 'जे. आर. वन' म्हणतात. आपल्या माणसाची नाडी पहिल्याने तोच पाहतो. हा रुग्ण आताच्या आता शस्त्रक्रियागृहात न्यावयाचा की सकाळपर्यंत थांबावयाचे, याची पहिली कल्पनाही त्यालाच यावी लागते. तेव्हा त्याची निवड कशी होते, हा प्रश्न जितका दिल्लीचा आहे तितकाच डाळजचाही आहे.

ज्यांना या शिक्षणाची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, एवढे झाले की विद्यार्थी एम. बी. बी. एस. होतो. त्यानंतर मेडिसिन, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग अशा एखाद्या शाखेत एम. डी. किंवा एम. एस. व्हावयाचे तर तीन वर्षे रुग्णालयात राहून काम करीत शिकावे लागते. हा निवासी डॉक्टर विद्यार्थीही असतो आणि नोकरही असतो. आपली मोठी सरकारी रुग्णालये त्याच्याच खांद्यावर उभी आहेत, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

ही निवड आज एका परीक्षेवर होते. तिला 'नीट-पीजी' म्हणतात. दोनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, साडेतीन तासांचा अवधी. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकलेल्यास एक वजा होतो आणि कोरे सोडलेल्यास शून्य. देशभरातून दोन लाखांवर डॉक्टर या परीक्षेस बसतात. प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावरून, आरक्षणाचे नियम सांभाळून, तो कोणत्या शाखेत आणि कोणत्या गावी जाईल हे ठरते.

या परीक्षेला नावे ठेवणे सोपे आहे. पण ती का आली हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पूर्वी या जागा महाविद्यालये आपापल्या घरात वाटून घेत असत. मुंबई महानगरपालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत असा नियम होता की पदव्युत्तर जागा आधी त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना द्यावयाच्या. त्यामुळे शेजारच्या महाविद्यालयातील अधिक गुणांचा विद्यार्थी दाराबाहेर राही आणि कमी गुणांचा आत जाई. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली रद्द ठरविला. त्याआधी १९८४ साली त्याच न्यायालयाने काही जागा सर्व देशातील विद्यार्थ्यांना खुल्या असाव्यात असा निर्णय दिला होता, आणि त्यातून अखिल भारतीय परीक्षा जन्मास आली. आपल्या महाराष्ट्रात तर याहून कडू अनुभव आहे. मुंबई विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेतील गुणांत फेरफार झाल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि त्यातून १९८६ साली मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावे लागले. जेथे गुणपत्रिकेवरून सरकारचा प्रमुख जातो, तेथे 'माणूस पाहून निवडा' असे म्हणताना जीभ चार वेळा अडखळली पाहिजे. पुढे २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, काही केंद्रीय संस्था वगळता, सर्व देशाला एकच परीक्षा लागू झाली. यंत्र उत्तरे तपासते. यंत्राला मामा नसतो, व्याही नसतो आणि त्याच्याकडे चिठ्ठी घेऊन जाता येत नाही. शेतकऱ्याचा किंवा शिक्षकाचा मुलगा ओळखीपाळखीवाचून चांगल्या महाविद्यालयात शिरू शकतो, हे या परीक्षेचे पुण्य आहे. ते आम्ही कदापि विसरणार नाही.

परंतु, श्रोतेहो, येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. निवड न्याय्य झाली काय, हा एक प्रश्न. निवडलेला माणूस कामाला कसा निघेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर परीक्षा बऱ्यापैकी देते. त्यावरून तिने दुसऱ्याचेही उत्तर दिले, असे आपण धरून चालतो, आणि सर्व घोटाळा तेथेच आहे.

ज्या परीक्षेत पुस्तकी माहिती विचारली जाते तिच्यातील गुणांवरून पुढच्या पुस्तकी परीक्षेतील गुणांचा अंदाज बऱ्यापैकी येतो. अमेरिकेत यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. पण त्याच अभ्यासांत असेही दिसून आले की रुग्णाला तपासणे, त्याच्याशी बोलणे, हाताने करावयाच्या क्रिया करणे, वरिष्ठांनी कामावर दिलेला शेरा, यांच्याशी त्या गुणांचा संबंध फार पातळ असतो. त्याचे एक कारण आपल्या तालमीच्या भाषेत सांगता येईल. सर्व गावातील माणसे आखाड्यात उतरविली तर अंगाने भारी असलेला बहुधा जिंकेल. पण एकाच वजनगटातील पहिलवान उतरविले, तर अर्ध्या किलोच्या फरकावरून कोण चीत होणार हे सांगता येईल काय? तेथे डाव, दम आणि डोके यांवर निकाल लागतो. निवासी डॉक्टर होण्यास आलेली मुले आधीच अनेक चाळण्यांतून आलेली असतात. त्यांच्यातील हजारावा आणि तीनहजारावा यांत थोड्याशा प्रश्नांचे अंतर असते. ते अंतर शाखा ठरविते, गाव ठरविते, आयुष्य ठरविते. पण रात्री दोन वाजता कोण चांगले काम करील हे मात्र ते सांगत नाही.

पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरात काय लागते, याचा विचार करा. रुग्णाचे सर्व म्हणणे ऐकून घेण्याचा धीर लागतो. जे पाहिले तेच लिहिण्याचा आणि जे तपासले नाही ते 'तपासले' असे न लिहिण्याचा प्रामाणिकपणा लागतो. परिचारिकेने काही सांगितले तर तिचे ऐकण्याची बुद्धी लागते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, आपल्याला कळेनासे झाले हे वेळेवर ओळखून, झोपलेल्या वरिष्ठाला उठवून 'आपण यावे' असे म्हणण्याचे धैर्य लागते. परीक्षेत जे येत नाही ते कोरे सोडणे शहाणपणाचे, कारण चुकले तर गुण जातो. रुग्ण कोरा सोडता येत नाही. तेथे येत नसेल तर विचारावे लागते, आणि विचारण्याला कोणत्याही परीक्षेत गुण नसतात.

शिवाय क्रमांकाने शाखा ठरत असल्यामुळे मुलाची वृत्ती कशाकडे आहे हा प्रश्नच उरत नाही. ज्याला मुलांवर उपचार करण्याची आवड आहे तोही वरचा क्रमांक आला तर क्ष-किरणशास्त्राकडे वळतो, कारण इतक्या वरचा क्रमांक 'वाया घालवू नये' असे घरचे आणि दारचे सांगतात. दुसऱ्या टोकाला शरीररचना, शरीरक्रिया अशा शाखांतील जागा रिकाम्या राहतात. २०२३ साली त्या भरण्यासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणण्यात आली, म्हणजे परीक्षेस बसलेला प्रत्येक जण पात्र ठरला. वरच्या टोकाला एकेका गुणासाठी जिवाचे रान करावयाचे, आणि खालच्या टोकाला त्याच गुणाला काही अर्थ नाही असे मानावयाचे. ही एकच परीक्षा दोन तोंडांनी बोलते हे उघड आहे.

मग मुलाखत घ्यावी काय? पुष्कळांना वाटते की अनुभवी माणसाने समोर बसवून दहा मिनिटे बोलले की माणूस कळतो. या समजुतीची एक परीक्षा अमेरिकेत आपोआप घडून आली. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथील वैद्यकीय विद्यालयाने १९७९ साली मुलाखती घेऊन दीडशे विद्यार्थी निवडले. नंतर विधिमंडळाने आणखी पन्नास घ्यावयास सांगितले. तोपर्यंत चांगले ठरलेले उमेदवार इतरत्र गेले होते. तेव्हा मुलाखत झालेल्या सुमारे आठशे जणांतील अगदी तळाचे, आधी नाकारलेले, पन्नास जण घ्यावे लागले. पुढे विद्यालयातील सर्व वर्षे आणि त्यानंतरचे पहिले प्रशिक्षणवर्ष असा दोन्ही गटांचा मागोवा घेण्यात आला, आणि १९८७ साली तो प्रसिद्ध झाला. अभ्यासात, रुग्णांवरील कामात, मध्येच सोडून जाण्यात, कशातही दोन गटांत फरक आढळला नाही. या दोन गटांतील मूळचा फरक मुख्यतः मुलाखत घेणाऱ्यांच्या मतामुळेच पडलेला होता. म्हणजे शहाण्या माणसांनी दहा मिनिटांत जे पाहिले असे त्यांना वाटले, ते तेथे नव्हतेच.

मुलाखत सुधारता येते, हेही खरे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने एकाच मोठ्या मुलाखतीऐवजी अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत काढली आणि २००४ साली ती जगापुढे मांडली. उमेदवार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रसंग आणि वेगळा परीक्षक. एकाचा राग किंवा लोभ इतरांच्या मतांत विरून जातो, आणि असे एकत्रित मत अधिक भरवशाचे ठरते. पण दोन लाखांवर उमेदवार, त्यांत प्रत्येकाला दहा खोल्या, आणि त्या प्रत्येक खोलीच्या दाराशी उभा असलेला वशिला, हा हिशेब आपल्या देशात आज जमेल असे आम्हांस वाटत नाही.

अमेरिकेत १९५२ पासून निवासी डॉक्टर आणि रुग्णालये यांची सांगड एका मध्यवर्ती पद्धतीने घातली जाते. तेथेही परवान्याच्या परीक्षेचे गुण निवडीसाठी वापरले जाऊ लागले आणि मुले पहिल्या वर्षापासून त्याच परीक्षेच्या मागे लागली. शेवटी २०२२ साली त्या परीक्षेच्या पहिल्या भागाचे गुण कळविणे बंद करून केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेच सांगण्यास सुरुवात झाली. एका कामासाठी केलेले माप दुसऱ्या कामाला लावले की असे होते.

मग भाकित करणारे काहीच नाही काय? थोडेसे आहे. अमेरिकेतील तीन वैद्यकीय विद्यालयांचे जे पदवीधर पुढे गैरवर्तनाबद्दल शिक्षेस पात्र ठरले अशा २३५ डॉक्टरांच्या जुन्या नोंदी काढून, त्या तसा ठपका नसलेल्या ४६९ डॉक्टरांच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी गुणांचाही थोडा संबंध दिसला. पण त्याहून ठळक संबंध विद्यार्थिदशेतील वागणुकीचा होता. सोपविलेले काम न करणे, वेळेवर हजर न राहणे, चूक दाखविली असता ती न सुधारणे, अशा नोंदी ज्यांच्या नावावर होत्या त्यांच्यात पुढे शिक्षा झालेले अधिक निघाले. माणूस स्वतःविषयी काय बोलतो यापेक्षा, कोणी पाहत नसता तो रोज काय करतो, हेच पुढचे थोडेफार सांगते.

आता आपल्याकडे पाहा. रोजचे वागणे पाहण्यासाठी आपल्या शिक्षणात एक अख्खे वर्ष ठेवलेले आहे. ते म्हणजे आंतरवासिता. या वर्षात तरुण डॉक्टर रुग्णालयातील प्रत्येक विभागात राहतो, आणि खेड्यातील आरोग्य केंद्रावरही जातो. याच वर्षात तो डॉक्टर व्हावयाचा. पण आयुष्य ठरविणारी परीक्षा नेमकी याच वर्षाच्या तोंडाशी उभी असते. मग हजेरीपटावर सही होते आणि मुलगा ग्रंथालयात किंवा खोलीत प्रश्नसंच सोडवीत बसतो. त्याला दोष कसा द्यावा? ज्याला गुण आहेत ते तो करतो. पण परिणाम असा की, ज्या वर्षी हाताला वळण लागावयाचे ते वर्ष निघून जाते, आणि पुढच्या वर्षी तोच मुलगा निवासी डॉक्टर म्हणून आपल्या उशाशी उभा राहतो. निवडीची पद्धत केवळ भाकितात कमी पडते असे नव्हे. ज्याचे भाकित करावयाचे ते कामच ती बिघडवून ठेवते.

आपल्या महाराष्ट्रात एका संस्थेने वेगळी वाट चालून पाहिली. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापिली. प्रवेशासाठी विज्ञानाबरोबर गांधीविचाराचीही प्रश्नपत्रिका असे. नव्या विद्यार्थ्यांचे आश्रमात शिबिर होई आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेई. आणि तेथे पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे तर आधी दोन वर्षे ग्रामीण सेवा करावी, असा नियम त्या संस्थेने अनेक वर्षे चालविला. गांधीविचाराची प्रश्नपत्रिका पाठ करूनही सोडविता येते, हे आम्ही जाणतो. पण दोन वर्षे खेड्यात काढणे पाठ करता येत नाही. ती काढावीच लागतात. पुढे एकच परीक्षा सर्व देशाला सक्तीची झाल्यावर सेवाग्रामची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा बंद पडली. न्यायासाठी एक दार उघडताना हे दुसरे दार मिटले, याची नोंद आपण ठेवली पाहिजे. सरकारी नोकरीतील डॉक्टरांसाठी काही जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केला. केलेल्या सेवेला मोल देण्याचा तो एक शिल्लक मार्ग आहे.

कोणी म्हणेल, मग आंतरवासितेतील वागणुकीचे गुण क्रमांकात मिळवा. आमचे मत तसे नाही. गुण मिळवावयाचे म्हटले की दुसऱ्या दिवसापासून सर्वांना पैकीच्या पैकी मिळू लागतील, किंवा ज्याच्यावर खप्पा मर्जी असेल त्याचे कापले जातील. क्रमांक परीक्षेनेच ठरवावा. मात्र आंतरवासिता खरोखर पुरी करून घ्यावी. जो हजर नव्हता त्याने ते महिने पुन्हा करावेत, मग तो कोणाचाही कोण असो. आणि परीक्षा या वर्षातून बाहेर काढावी. पदवीची अंतिम परीक्षा आणि ही प्रवेशपरीक्षा एकच करावी अशी तरतूद २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात आहे. तिची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली. ती करताना वर्षभराचे काम मोकळे राहील एवढे तरी पाहावे.

याहून मोठी गोष्ट निवडीनंतरची आहे, आणि ती शेतकऱ्याला आम्ही सांगावी असे नाही. को ८६०३२ चे उत्तम बेणे आणले म्हणून कोणी लागण करून घरी बसत नाही. सरी, पाणी, खत आणि पहिल्या चार महिन्यांची निगा यांवर ऊस उभा राहतो. आपण मात्र डॉक्टर निवडताना बेण्यावर सर्व भांडण करतो आणि लागणीनंतर शेताकडे फिरकत नाही. पहिले सहा महिने निवासी डॉक्टराला एकटे सोडू नये. त्याने रुग्ण कसा तपासला, कसे लिहिले, वरिष्ठाला वेळेवर बोलाविले की नाही, हे एकाने नव्हे तर अनेकांनी पाहावे, आणि त्यांत वॉर्डाच्या परिचारिकेलाही स्थान असावे. ही पाहणी त्याला पाडण्यासाठी नसावी. कोठे कमी पडतो ते महिन्याच्या आत सांगावे आणि पुन्हा पाहावे. नोंदवही ठेवण्याचा नियम आजही आहे. पण वर्षाच्या शेवटी एका बैठकीत भरलेली नोंदवही कोणाच्या उपयोगी पडावयाची?

त्याला झोपही मिळाली पाहिजे. १९९२ सालच्या केंद्रीय निवासी योजनेत सलग काम साधारणतः दिवसाला बारा तासांहून अधिक नसावे असे लिहून ठेवले आहे. आज कित्येक ठिकाणी एकेक पाळी चोवीस तासांच्याही पुढे जाते. अशा स्थितीत पहिल्या क्रमांकाचा मुलगा आणि पन्नासहजारावा मुलगा सारखेच चुकतील. तेथे निवडीने काही साधत नाही.

बारामतीला २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचा लाभ या भागाला होत आहे. २०२० सालापासून प्रत्येक निवासी डॉक्टराने तीन महिने जिल्हा पातळीच्या रुग्णालयात काम करावे असाही नियम झाला आहे. हे तीन महिने म्हणजे कागद भरण्याचे काम समजले जाऊ नये. तो डॉक्टर आपल्याकडे आला तर त्याने कसे काम केले हे रुग्णालयाच्या समितीने लेखी कळवावे, आणि चांगले केले असेल तर तेही आवर्जून कळवावे. चांगल्या कामाची नोंद होते हे तरुणांना दिसले पाहिजे.

शेवटी पालकांना एक विनंती. आपल्या गावातून मुलेमुली आता वैद्यकीय शिक्षणाला जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. सुटीत मुलगा घरी आला म्हणजे क्रमांक कितवा येईल हे आपण विचारताच; त्याबरोबर या महिन्यात किती रुग्ण स्वतः तपासलेस, आणि अडल्यावर कोणाला विचारलेस, हेही विचारा. दिल्लीचे नियम बदलावयास वेळ लागेल. हा प्रश्न विचारावयास कोणाच्या परवानगीची गरज नाही.